घाटापूर्वीचे पडिलेहण



कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून उत्तरेकडे वळले, की भोसरी आणि मोशी मागे टाकून रस्ता इंद्रायणीच्या पुलावर येतो. पूल ओलांडला की चिंबळी, कुरुळी आणि चाकण. नकाशावर ही स्वतंत्र गावे आहेत. प्रत्यक्षात एका कारखान्याची भिंत जिथे संपते तिथे दुसऱ्याचे फाटक सुरू होते. पाळी सुटण्याच्या वेळी कामगारांच्या बसगाड्या, सुट्या भागांनी भरलेले टेम्पो आणि नव्याकोऱ्या दुचाकी वाहून नेणारे लांबलचक कंटेनर एकाच वेळी रस्त्यावर उतरतात, आणि तळेगाव चौकापासून आंबेठाण चौकापर्यंतचे अंतर कापायला कधी पाच मिनिटे लागतात, कधी पाऊण तास. देशाच्या कानाकोपऱ्यात आणि परदेशातही धावणाऱ्या कितीतरी मोटारसायकली या पट्ट्यात जन्मतात. परंतु गाडी जन्माला घालणे हे एक काम आणि ती जपणे हे दुसरे. पहिले काम कारखाना करतो. दुसरे आपल्याकडे येते. आजचा लेख या दुसऱ्या कामाविषयी आहे.

या परिसराचा दुचाकीशी संबंध आकुर्डीपासून सुरू होतो. बजाज ऑटोच्या तेथील कारखान्याने पिंपरी-चिंचवडच्या दोन पिढ्यांना रोजगार दिला आणि १९७२ साली आलेल्या चेतक स्कूटरने मध्यमवर्गीय कुटुंबाला चाके दिली. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पोचे कारखानेही पुढे याच आकुर्डीत उभे राहिले. त्यांचे बंधू हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिकने अहमदनगरातून लूना आणली. चाकण पट्ट्याचा काळ त्यानंतरचा. २००१ साली आलेली पल्सर, ऑस्ट्रियाच्या केटीएमच्या भारतात बनणाऱ्या मोटारसायकली आणि २०२३ पासून ट्रायम्फच्या चारशे सीसीच्या गाड्या, या सगळ्या चाकणच्या. ब्रेम्बो या इटालियन कंपनीचा ब्रेक बनविणारा कारखानाही येथेच आहे. अनुरंग जैन यांनी औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, १९८०च्या दशकात सुरू केलेल्या एन्ड्युरन्सचेही कारखाने या पट्ट्यात आहेत. दुचाकींचे क्लच आणि ब्रेक हा त्या कंपनीच्या उत्पादनांचा महत्त्वाचा भाग होय.

चेतक चालविलेल्या वाचकांना क्लचची तार आठवत असेल. डाव्या मुठीत क्लच आणि गिअर दोन्ही असत, आणि डिकीत पान्याच्या पिशवीसोबत एक जादा तार ठेवलेली असे. तार तुटण्याआधी सूचना देई. लिव्हर जड होई, एखादा धागा सुटून बोटाला टोचे. मग रस्त्याकडेच्या कोणत्याही गॅरेजात ती अर्ध्या तासात बदलून मिळे. आजही चाकणमध्ये बनणाऱ्या बहुसंख्य दुचाकींचा क्लच तारेचाच असतो, कारण ही रचना स्वस्त, साधी आणि कोठेही दुरुस्त होणारी आहे.

मात्र मोठ्या क्षमतेच्या, दूरच्या प्रवासासाठी घेतल्या जाणाऱ्या अनेक मोटारसायकलींना हायड्रॉलिक क्लच असतो. अशा गाड्या आता आपल्या समाजातील घरांपुढेही उभ्या दिसतात. मुले नोकरीला लागली, की पहिली मोठी हौस लडाखची असते. काही सेवानिवृत्त स्नेहीही आता रविवारी पहाटे हेल्मेट घालून निघतात. त्यांच्याकरिता हा भाग नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

रचना अशी. लिव्हरच्या मुळाशी एक लहान सिलिंडर असतो, त्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. लिव्हर दाबली की त्यातील दट्ट्या द्रव पुढे ढकलतो. तो द्रव नळीतून इंजिनजवळच्या दुसऱ्या सिलिंडरपर्यंत, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरपर्यंत दाब पोहोचवितो, आणि तेथील दट्ट्या दांडी सरकवून क्लचच्या प्लेटा सोडवितो. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोहोचतो, हे सतराव्या शतकातील फ्रेंच विद्वान पास्कलचे तत्त्व येथे काम करते. खालच्या दट्ट्याचा पृष्ठभाग वरच्यापेक्षा मोठा ठेवला, की बोटांचे थोडे बळ पुष्कळ होते. दिवसभर घाटात क्लच दाबून मनगट दुखत नाही, आणि प्लेटा झिजल्या तरी तारेप्रमाणे वरचेवर ताण जुळवावा लागत नाही.

पण या सोयीची एक किंमत आहे. तार आपले दुखणे सांगते. द्रव सांगत नाही.

येथे एक प्रचलित शब्द घोटाळा करतो. आपल्याकडे गॅरेजात या द्रवाला सर्रास ‘ब्रेक ऑइल’ म्हणतात. बहुतेक गाड्यांच्या क्लचमध्ये आणि ब्रेकमध्ये घातला जाणारा हा द्रव वस्तुतः तेल नसतो. तो ग्लायकोल जातीचा असतो आणि त्याचा स्वभाव हवेतील ओलावा शोषून घेण्याचा आहे. काही युरोपीय गाड्यांच्या क्लचमध्ये मात्र खरोखरच खनिज तेल असते. या दोहोंचे रबरी सील वेगळ्या जातीचे असतात. एकाच्या जागी दुसरे घातले, तर सील फुगतात किंवा खराब होतात आणि संपूर्ण यंत्रणा उघडून नवी करावी लागते. म्हणून ‘ऑइल घाला’ एवढे सांगून भागत नाही. टाकीच्या झाकणावर आणि गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच घालावे.

ग्लायकोल जातीच्या द्रवाचे डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ असे प्रकार बाजारात मिळतात. (डॉट ५ हा मात्र सिलिकॉनचा, आकडा जवळचा दिसला तरी तो यांत मिसळू नये.) मानकानुसार ताज्या डॉट ४चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. तोच द्रव सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषून बसला, की किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. म्हणजे बाटलीवरचा आकडा बाटली उघडण्याच्या दिवसाचा असतो. त्यानंतर तो दररोज थोडा थोडा उतरत जातो. उकळलेल्या द्रवाची वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. मग बोटांचे बळ प्लेटांपर्यंत पोहोचण्याऐवजी वाफेतच विरते आणि लिव्हर मुठीपर्यंत सैल येते.

चाकणचा संग्रामदुर्ग या रस्त्यापासून फार दूर नाही. १६६० साली फिरंगोजी नरसाळा यांनी शाइस्ताखानाच्या प्रचंड फौजेसमोर तो जवळजवळ दोन महिने लढविला. तोफांपुढे तट टिकला. अखेर मोगलांनी जमिनीखालून भुयार खणून बुरूज उडविला, तेव्हा किल्ला पडला. समोरून येणारे संकट दिसते आणि आपण सावध राहतो. खालून पोखरणाऱ्या संकटाची वार्ता बहुधा उशिरा लागते. क्लचमधील ओलावा या दुसऱ्या जातीचा आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही चौघे स्नेही चिंचवडहून माळशेज घाटास गेलो होतो. तिघांच्या गाड्या तारेच्या क्लचच्या. चौथे स्नेही सेवानिवृत्त अभियंता, त्यांची मोठी मोटारसायकल हायड्रॉलिक क्लचची. चाकण चौकात नेहमीप्रमाणे अर्धा-पाऊण तास रांगेत गेला. पहिला गिअर, क्लच, थोडे पुढे, पुन्हा क्लच. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करीत आळेफाट्यास डावीकडे वळलो. ओतूर मागे पडल्यावर पिंपळगाव जोगा धरणाचे पाणी दिसू लागले आणि हवा गार झाली. घाट उतरून पायथ्याशी चहा घेतला आणि परतीची चढण सुरू केली. वर धुके होते. पुढे भाजीपाल्याचे टेम्पो रांगत होते आणि मागे एक मालट्रक होता.

मधल्या एका वळणावर स्नेह्यांच्या डाव्या हाताची लिव्हर एकाएकी मुठीला टेकली. गिअर सुटेना. ब्रेक लावताच इंजिन झटका देऊन बंद पडले आणि गाडी चढणीवर, वळणाच्या तोंडाशी उभी राहिली. मागच्या ट्रकचालकाने वेळीच वेग कमी केला म्हणून ही हकिगत आज शांतपणे लिहिता येते. त्यांच्या मागे त्यांच्या सौभाग्यवती बसल्या होत्या. आम्ही त्यांना कठड्याच्या आत उभे केले, गाडी ढकलून कडेच्या मोकळ्या जागेत नेली आणि थांबलो. अर्ध्या तासाने इंजिन निवले तशी लिव्हरमध्ये थोडी धार परत आली. वहिनी माझ्यामागे बसल्या. स्नेह्यांनी गाडी हळूहळू ओतूरपर्यंत आणली आणि तेथून ती टेम्पोत चढविली.

दुसऱ्या दिवशी भोसरीच्या एका छोट्या गॅरेजात कारागिराने तो द्रव काढून काचेच्या पेल्यात धरला. ताजा द्रव फिकट सोनेरी असतो. हा काळ्या चहासारखा होता. स्नेही म्हणाले, “गाडी तर जेमतेम नऊ हजार किलोमीटर चालली आहे!” त्यावर तो तरुण कारागीर म्हणाला, “काका, गाडी किती चालली ते मीटर सांगतं. ऑइल किती जुनं झालं ते मीटर सांगत नाही.” गाडी घेऊन पाच वर्षे झाली होती आणि द्रव पहिलाच होता.

वाणिज्य शाखेत शिकलेल्यांना घसाऱ्याच्या दोन रीती ठाऊक असतात. एक वापराच्या प्रमाणात, दुसरी काळाच्या प्रमाणात. यंत्र बंद असले तरी दुसऱ्या रीतीने घसारा लागतच राहतो. मोटारसायकलीच्या हिशेबात टायर आणि चेन यांचा घसारा मुख्यतः वापरावर जातो; क्लच आणि ब्रेकच्या द्रवाचा घसारा दिनदर्शिकेवर जातो. आपण मात्र सगळा हिशेब किलोमीटरच्या एकाच खात्यात मांडतो, आणि क्वचित वापरली जाणारी, जपून झाकून ठेवलेली महागडी गाडी नेमकी तेथेच फसते. बहुतेक उत्पादक हा द्रव एक ते दोन वर्षांनी बदलण्यास सांगतात, मग गाडी कितीही कमी चाललेली असो.

याकरिता आपल्या परंपरेत एक सुंदर शब्द तयार आहे: पडिलेहण. साधू-साध्वी दिवसातून दोन वेळा आपली वस्त्रे, पात्रे आणि उपकरणे उलगडून डोळ्यांनी तपासतात. काही बिघडले आहे असा संशय आला म्हणून नव्हे. वेळ झाली म्हणून. एखादा सूक्ष्म जीव त्यात असेल तर त्याला इजा होऊ नये, हा त्यामागील हेतू. श्रावकाला एवढी सूक्ष्मता साधत नाही. पण वेळ झाली म्हणून पाहायचे, तक्रार आली म्हणून नव्हे, हे तत्त्व गृहस्थालाही घेता येते. घाटातील वळणावर आपल्या मागे बसलेली व्यक्ती आणि मागून येणारा अनोळखी वाहनचालक यांचा जीव आपल्या पडिलेहणावर अवलंबून असतो.

क्लचच्या पडिलेहणात चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, द्रवाचा रंग. दुसरी, टाकीतील पातळी. आणि येथे क्लच ब्रेकच्या उलट वागतो. ब्रेकचे पॅड झिजतात तशी ब्रेकच्या टाकीतील पातळी खाली जाते. क्लचच्या प्लेटा झिजतात तशी स्लेव्ह सिलिंडरचा दट्ट्या मागे सरकतो आणि टाकीतील पातळी वर येते. म्हणून क्लचची पातळी चढलेली दिसली तर प्लेटांची चौकशी करावी, आणि उतरलेली दिसली तर गळती शोधावी. टाकी काठोकाठ भरणे तर टाळावेच. इंजिन तापून द्रव फुगला की त्याला परत येण्यास जागा उरत नाही, क्लच किंचित दाबलेल्या अवस्थेत राहतो आणि चढणीवर घसरू लागतो. तिसरी गोष्ट स्लेव्ह सिलिंडर. अनेक गाड्यांत तो पुढच्या चेन-चक्राशेजारी, चिखल आणि चेनच्या ग्रीसच्या संगतीत असतो. तेथे ओल दिसली तर सील गेले असे समजावे. चौथी, लिव्हरची चाल. सुरुवातीस तिला थोडी मोकळी चाल असावी. क्लच पूर्ण दाबूनही गाडी पुढे सरकू पाहत असेल किंवा उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नसेल, तर यंत्रणेत हवा आहे असे धरून चालावे.

लडाखकडे निघणाऱ्यांसाठी हवेचा मुद्दा अधिक गंभीर आहे. खारदुंग ला ५,३५९ मीटर उंचीवर आहे आणि तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे निम्मा असतो. नळीत अडकलेला हवेचा जो बुडबुडा पिंपरीत मोहरीएवढा असतो, तोच तेथे जवळजवळ दुप्पट आकारमानाचा होतो. लिव्हरची तेवढी चाल त्याला दाबण्यातच खर्ची पडते. घरी ‘थोडी मऊ लागते, चालेल’ अशी वाटणारी लिव्हर त्या उंचीवर चालत नाही.

द्रव बदलण्याचे काम अवघड नाही, पण घाईचे नाही. टाकीवर जाड फडके पसरावे, कारण हा द्रव रंग खातो. थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवावा. झाकणाभोवतीची धूळ आधी पुसून मगच झाकण उघडावे. खालच्या निप्पलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीत सोडावे. लिव्हर दाबून धरायची, निप्पल पाव फेरा उघडायचा, द्रव बाहेर येऊ द्यायचा, निप्पल बंद करायचा आणि त्यानंतरच लिव्हर सोडायची. हा क्रम चुकला की हवा आत जाते. वरची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये. हट्टी बुडबुडे असतील तर काही कारागीर खालून पिचकारीने द्रव वर चढवितात; हवा स्वभावतः वर जाते, तिला तिच्या वाटेने जाऊ देणे सोपे पडते. ज्यांना सवय नाही त्यांनी हे काम कारागिराकडून करून घ्यावे, मात्र शेजारी उभे राहावे आणि बाटली आपल्यासमोर उघडायला सांगावी. उघडून ठेवलेली अर्धी बाटली स्वस्त असली तरी नको.

दूरच्या प्रवासात पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचीच एक छोटी सीलबंद बाटली, निप्पलच्या मापाचा पाना आणि हातभर नळी सोबत असावी. वाटेत लिव्हर सैल पडली तर ती भराभर पंपासारखी दाबून पाहावी; पुष्कळदा एकदा गिअर सोडविण्यापुरता दाब मिळतो. तेवढ्यात कडेला व्हावे आणि यंत्र निवू द्यावे. अडचण आहे म्हणून इंजिन ऑइल, खाद्यतेल किंवा पाणी टाकीत घालू नये. चढणीवर वाहतूक तुंबली तर अर्धा क्लच दाबून गाडी तोलून धरू नये. ब्रेक लावून न्यूट्रलमध्ये थांबावे. प्लेटा आणि द्रव दोन्ही त्यामुळे थंड राहतात.

काढलेल्या जुन्या द्रवाचे काय करायचे, हा प्रश्न गॅरेजात सहसा विचारला जात नाही, म्हणून आपण विचारावा. हा द्रव विषारी आहे आणि पाण्यात मिसळतो. गटारात ओतलेला एक पेला पवनेला किंवा इंद्रायणीला मिळतो. आळंदीजवळ इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्याचे मोठे दोषी वेगळे असतील, पण जलचरांना आपला पेला आणि दुसऱ्याचा पेला असा भेद कळत नाही. जुना द्रव झाकणाच्या बाटलीत भरून त्यावर नाव लिहावे आणि वापरलेले तेल अधिकृत संकलकाकडे देणाऱ्या गॅरेजातच तो सोपवावा. घरात मुलांच्या आणि मुक्या जनावरांच्या वाटेत तो राहू देऊ नये.

शेवटी वेळ कोणती धरावी? पावसाळ्यात हवेत ओलावा सर्वाधिक असतो. आपले साधू-साध्वी त्या काळात विहार थांबवितात आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर पुन्हा निघतात. श्रावकानेही गाडीचे मोठे पडिलेहण त्याच सुमारास करावे. एक वर्षाआड द्रव बदलावा आणि मधल्या वर्षी रंग, पातळी व सील पाहून घ्यावेत. ज्यांना जून-जुलैत लडाखला जायचे आहे त्यांनी वैशाखातच काम उरकून माळशेज किंवा ताम्हिणीची एक फेरी करावी. दोष असेल तर तो घरापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर कळलेला बरा.

आमच्या स्नेह्यांच्या गाडीच्या टाकीवर आता कारागिराने लावलेली पांढरी चिकटपट्टी आहे, आणि तिच्यावर पेनाने महिना व वर्ष लिहिलेले आहे. वाचकांच्या घरातही एखादी मोठी मोटारसायकल झाकून ठेवलेली असेल. आज सायंकाळी तिचे आवरण काढून पाहावे. असा महिना तिच्यावर कोठे लिहिलेला नसेल, तर तो लिहिण्याचा दिवस आला आहे असे समजावे.